तांबडी कशाने मेली?

आपल्या वसईकडील घरांत कोंबडी सहसा आपल्या मरणाने मरत नाही. ती मलूल दिसू लागली, दाण्यांकडे पाठ फिरवून कोपऱ्यात बसू लागली, की घरातील वडीलधारी माणसे एकमेकांकडे पाहतात आणि दिवस मावळण्याच्या आत तिच्या मानेवरून सुरी फिरते. वाया जाण्यापेक्षा बरी, असे म्हणून तिचा रस्सा होतो आणि तिला नेमके काय झाले होते हा प्रश्न हाडांबरोबर उकिरड्यावर जातो. पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या पाळूनही त्या कशाने मरतात याचे ज्ञान आपल्यापाशी फारसे साठले नाही, त्याचे एक कारण हे असावे. अशा मरणाला देण्याजोगे तीनच शब्द आपल्या तोंडी आहेत: मानमोडी, विष आणि दृष्ट. यांतील पहिला शब्द रोगाचा आहे. उरलेले दोन्ही शब्द कोणत्या ना कोणत्या माणसाकडे बोट दाखवितात. एका कोंबडीच्या मरणाने दोन घरांची दारे एकमेकांना बंद होऊ शकतात ती यामुळेच.

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आमच्या परसदारी जे घडले ते याच कारणासाठी वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आमच्या घरी कोंबड्यांचा कारभार आमच्या आत्याकडे असतो. तिचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. गुडघे दुखतात, वाडीतले काम आता होत नाही. पण सकाळी खुराड्याची फळी उचलण्याचा मान ती कोणालाही देत नाही. तेव्हा तिच्यापाशी सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. तीन कोंबड्या गावठी, तीन अंड्यांसाठी घेतलेल्या संकरित जातीच्या. या संकरित कोंबड्यांतील सर्वांत धीट ती तांबडी. आत्या ओट्यावर तांदूळ निवडू लागली, की ही तिच्या सुपाशी येऊन उभी राहावयाची. अंडी देण्यात तिची बरोबरी करणारी दुसरी कोंबडी आमच्या वाड्यात कधी नव्हती.

आमच्या परसाला लागून शेजाऱ्यांची वाडी आहे. मोगरा, वांगी, मिरची आणि कडेने केळी. दोन्ही घरांमधील कुंपण जुने, आणि कोंबड्यांना कुंपणाचा कायदा समजत नाही. ऑगस्टच्या दहा तारखेस त्यांनी मिरचीची नवी लावलेली रोपे कोंबड्यांनी उकरून टाकली. शेजारचे दादा संतापले. कष्टाने लावलेली रोपे मुळांसकट उन्हात पडलेली पाहून कोणीही संतापला असता. "आत्ये, पुन्हा इकडे आल्या तर मग मला बोलू नकोस," असे ते कुंपणावरून मोठ्याने म्हणाले. ते वाक्य आळीतल्या चार घरांनी ऐकले. दोन दिवसांनी ते पाठीवर पंप घेऊन वांग्यांवर औषध फवारताना दिसले. तेही चार घरांनी पाहिले.

तांबडी त्या सुमारास बरी नव्हतीच. पिसे फुगवून ती भिंतीच्या कडेला उभी राही. तिचा तुरा फिकट पडला होता. चालताना तिचे पोट जमिनीकडे ओढल्यासारखे दिसे आणि शेपूट खाली झुकलेली असे. उभी राहिली म्हणजे चित्रातल्या पेंग्विन पक्ष्यासारखी ताठ दिसे. आत्याने हळद घातलेला भात भरविला, लसूण ठेचून दिली, रात्री टोपलीत गोणपाट घालून तिला स्वयंपाकघरात निजविले. ऑगस्टच्या एकोणीस तारखेस पहाटे ती टोपलीतच मरून पडलेली दिसली.

दुपारपर्यंत निवाडा झालेला होता. तो कोणी केला हे सांगता येणार नाही. पाणी भरताना, दूध घेताना, चर्चच्या वाटेवर थोडेथोडे करून तो तयार झाला: दादांनी विष घातले. दहा तारखेचे वाक्य आणि बारा तारखेची फवारणी हे दोन पुरावे लोकांना पुरे झाले. आत्याने त्यावर फारसे भाष्य केले नाही. एवढेच म्हणाली, "त्यांच्या मांडवात मी पाऊल टाकणार नाही."

या वाक्याचे वजन बाहेरच्या वाचकास कळावे म्हणून थोडे सांगितले पाहिजे. दादांच्या मुलीचे लग्न नोव्हेंबरात ठरले होते. आमच्या आळीत लग्नाची जुनी गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ असणाऱ्या ज्या दोन-तीन म्हाताऱ्या उरल्या आहेत, त्यांत आमची आत्या एक. त्या मुलीच्या आईच्या लग्नात तिने गायिले होते आणि ही मुलगी लहानपणापासून "माझ्या लग्नात आत्याच गाणार" असे सांगत आलेली. सव्वा-दीड किलोच्या एका पक्ष्यापायी चाळीस वर्षांचा शेजार आणि एका मुलीची हौस दोन्ही पणाला लागली होती.

दादांनी विष घातले असे आम्हांस म्हणावयाचे नव्हते, तसेच घातले नाही असेही म्हणावयाचे नव्हते. कारण दोन्हीपैकी एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. ठाऊक करून घेण्याचा मार्ग मात्र होता, आणि तो टोपलीत पडलेला होता. आम्ही तांबडीला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळले, बर्फाच्या तुकड्यांसह एका जुन्या डब्यात ठेवले आणि पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरली. मेलेली कोंबडी तपासणीसाठी न्यावयाची तर ती थंड ठेवावी, पण गोठवू नये आणि शक्यतो त्याच दिवशी न्यावी. गोठविल्याने आतील मांसपेशी बिघडतात आणि तपासणाऱ्यास नीट काही दिसत नाही. घरी मात्र ती फाडून पाहू नये. कोंबडीचे काही आजार माणसासही होऊ शकतात.

दवाखान्यातील डॉक्टर बाई तरुण होत्या. डबा उघडण्यापूर्वी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: किती मेल्या? एकच, असे सांगितल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. या प्रश्नामागील भीती आपल्या राज्यास परिचित आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली आणि लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. आपण जिला मानमोडी म्हणतो ती राणीखेतही एकट्यादुकट्या कोंबडीवर थांबत नाही. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये ओळखल्या गेलेल्या या रोगाला आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावाचे नाव मिळाले. तो रोग लस न टोचलेल्या कळपात शिरला, की चार-सहा दिवसांत खुराडे रिकामे होते. हिरवट हगवण, धाप, वाकडी झालेली मान ही त्याची खूण. तांबडीची मान सरळ होती आणि बाकीच्या पाच जणी घरी उकिरडा उकरीत होत्या.

दुसरा प्रश्न होता: अंडी देणे केव्हा थांबले? याचे उत्तर आमच्यापाशी होते, आणि तेही लेखी. आमच्या स्वयंपाकघरात धर्मग्रामाचे कॅलेंडर टांगलेले असते. सणवार, संतांचे दिवस आणि मिस्साच्या वेळा यांच्या खाली जी रिकामी जागा उरते तीत आत्या शिसपेन्सिलीने अंड्यांच्या रेघा ओढते. तांबडीचे अंडे आकाराने मोठे आणि गडद असल्याने तिची रेघ वेगळी, आडवी. आम्ही ते पान मोबाईलमध्ये टिपून नेले होते. डॉक्टर बाईंनी ते मोठे करून पाहिले आणि एकेका तारखेवर बोट ठेवीत गेल्या. जूनमध्ये आठवड्याला पाच-सहा आडव्या रेघा. जुलैच्या मध्यास दोन ठिकाणी रेघेभोवती गोल. तो गोल म्हणजे कवच नसलेले, नुसत्या पातळ कातडीतले अंडे. अठ्ठावीस जुलैनंतर आडवी रेघ नाही.

"म्हणजे आजार फवारणीच्या दोन आठवडे आधीचा आहे," असे म्हणून त्यांनी हातमोजे चढविले. एका ऐंशी वर्षांच्या बाईने स्वतःच्या हिशेबासाठी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघांनी एका माणसाच्या बाजूने पहिली साक्ष दिली होती.

पुढील तपासणी अर्ध्या तासात संपली. गळ्यातील पिशवीत थोडा भात, पेषणीत नेहमीचे खडे, आतडी स्वच्छ, यकृतात काही वावगे नाही. पण उदर उघडताच पिवळट, दुर्गंधीयुक्त पाणी बाहेर आले आणि त्यात उकडलेल्या बलकाच्या तुकड्यांसारख्या गाठी तरंगताना दिसल्या. अंडनलिका सुजून जाड झाली होती व तिच्यात खरवसासारखा घट्ट पदार्थ साचला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, "हा उदरावरणाचा दाह. अंडे जायचे तिथे न जाता पोटात पडले, आणि तिथे जंतू वाढले. विषारी औषधाने मरणारी कोंबडी बारा-पंधरा दिवस झुरत नाही. लाळ गळते, पाय लटपटतात, झटके येतात आणि बहुधा काही तासांत खेळ आटोपतो. शिवाय एकाच वाडीत चरणाऱ्या सहांपैकी ती एकटीच कशी मरेल?" त्यांनी आमच्या विनंतीवरून हे सर्व एका कागदावर लिहून दिले.

कोंबडीच्या पोटात अंडे कसे घडते हे त्या दिवशी त्यांनी आम्हांस समजावून दिले. अंडी आपण रोज फोडतो, पण त्यामागील यातायात फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे कोंबडीचे डावे अंडाशयच काय ते वाढते. त्यावर द्राक्षांच्या घडासारखे लहानमोठे बलक लगडलेले असतात. पूर्ण वाढलेला बलक सुटतो आणि नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडाने त्याला झेलावयाचे असते. पुढे सुमारे तीन तासांत पांढरा भाग त्याभोवती चढतो, तासाभरात आतील पातळ पडदे तयार होतात आणि शेवटी कवच घडण्यास वीस तासांच्या आसपास लागतात. सारा प्रवास पंचवीस तासांचा. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खाण्यातून पुरेसे मिळाले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. अंडे घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बहुधा पुढचा बलक सुटतो. हा झेल शेकडो वेळा बिनचूक होतो आणि कधीतरी चुकतो. उदरात पडलेला एखादा बलक शरीर शोषून घेते. नलिकेला सूज आली, झेल वारंवार चुकू लागला आणि त्यात आतड्यांतील ई. कोलायसारखे जंतू पोहोचले, म्हणजे मग कोंबडी वाचणे कठीण.

तांबडीला मारणारा कोणी बाहेरून आला नव्हता. ज्या अंड्यांसाठी ती आमच्या घरात सर्वांची लाडकी होती, त्या अंड्यांनीच तिचा जीव घेतला होता.

डॉक्टर बाईंनी एक गोष्ट आणखी सांगितली, आणि ती आमच्या मनातून जात नाही. पाळीव कोंबडीचे मूळ असलेली तांबडी रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पिल्ले वाढविण्यापुरती. आपली गावठी कोंबडी पन्नास-साठ, फार तर थोडी अधिक. संकरित कोंबडी अडीचशे, आणि व्यापारी जातींची तीनशेच्या घरात. पंचावन्न ग्रॅमचे एक अंडे धरले तर अडीचशे अंड्यांचे वजन पावणेचौदा किलो भरते. म्हणजे दोन किलोच्या आतील पक्षी वर्षभरात स्वतःच्या वजनाच्या सातपट अंडी देतो. शरीर तेच, नलिका तीच, झेल मात्र चौपट-पाचपट. चुकण्याचे प्रसंगही त्याच मानाने वाढणार.

गावठी कोंबडीला विसावा मिळतो तो ती खुडूक बसते तेव्हा. पंधरावीस अंडी घालून झाली, की ती टोपलीत ठाण मांडते, अंगाला हात लावू देत नाही आणि अंडी घालणे बंद करते. एकवीस दिवस उबवण आणि पुढे पिल्लांमागे फिरण्याचे दोनेक महिने, एवढा काळ तिची अंडनलिका स्वस्थ असते. खुडूक कोंबडी म्हणजे अंड्यांचे नुकसान, असा हिशेब करून माणसाने निवडीने जाती घडवीत आणल्या आणि अंड्यांच्या जातींतून ही खोड जवळजवळ नाहीशी केली. थंड देशांत हिवाळ्याच्या लहान दिवसांत कोंबड्या आपोआप थांबतात. आपल्याकडे वर्षातला लहानात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असल्याने तोही विसावा पुरता मिळत नाही. उरतात ते पिसे झडण्याचे थोडे आठवडे.

शुभवर्तमानात येशूने यरुशलेमेविषयीची आपली तळमळ व्यक्त करताना पिल्लांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीचे उदाहरण दिले आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. ते चित्र डोळ्यांपुढे आणावयाचे तर आपल्या मुलांना गावठी कोंबडीच दाखविली पाहिजे. अंड्यांच्या कारखान्यातील कोंबडी आयुष्यात एकही पिल्लू पंखाखाली घेत नाही. तिच्यातून ते आईपणच आपण काढून घेतले आहे. अंडी खाऊ नयेत असे आम्हांस सुचवावयाचे नाही, आम्हीही खातो. पण जे आपण खातो ते कोणाच्या किती कष्टाने येते हे माहीत असणे बरे.

दवाखान्याचा कागद आम्ही आत्याला वाचून दाखविला. तिने तो दोनदा वाचून घेतला. कॅलेंडरच्या रेघांचा उल्लेख आला तेव्हा उठून ती कॅलेंडरापाशी गेली आणि जुलैचे पान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बिचारी आतल्या आत दुखत होती, आणि मी आणखी शिंपल्या कुटून घालत होते." आम्ही म्हटले की शिंपल्यांनी काही बिघडले नाही, उलट कवचाला ते हवेच असते. यावर ती काही बोलली नाही.

संध्याकाळी ती काठी टेकीत कुंपणाशी गेली. दादा केळीला पाणी लावीत होते. मरणाचा, विषाचा, लोकांच्या बोलण्याचा शब्दही तिने काढला नाही. "पुढची फवारणी कधी रे?" एवढेच विचारले. "मला आदल्या दिवशी सांगत जा. त्या दिवशी मी सगळ्यांना कोंडून ठेवीन." दादा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगतो आत्ये. आणि कुंपणाला जाळी मी लावतो. अर्धी तुमची, अर्धी आमची." ही जाळी सप्टेंबरात लागली. नोव्हेंबरात आत्या मांडवात बसली आणि हळदीच्या रात्री आवाज बसेपर्यंत गायली.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अंडी देणारी कोंबडी अचानक थांबली, कातडी अंडे वरचेवर घालू लागली, पोट फुगून मऊ लागू लागले आणि ती ताठ उभी राहू लागली, तर पशुवैद्यकास लगेच दाखवावे. लवकर उपचार झाल्यास कधी गुण येतो. उशीर झाला म्हणजे औषधाचा उपयोग बहुधा होत नाही. घरटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावे. अंड्यांच्या जातींना कालवांच्या शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात द्यावा. जिला हवा ती तो आपणहून खाते. अधिक अंड्यांच्या लोभाने खुराड्यात रात्री दिवा जाळू नये. राणीखेतची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. आणि आजारी कोंबडी कापून खाऊ नये. तिला काय झाले आहे हे तोंडात घास घालून कळत नाही. एकाहून अधिक कोंबड्या लागोपाठ मेल्या तर त्या उघड्यावर न टाकता आणि शक्य तो हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

हे सर्व पाळूनही एखादी तांबडी मरेल. जातीतच जे पेरलेले आहे त्याला शिंपल्या आणि स्वच्छता पुरी पडत नाहीत. आत्याने त्यानंतर संकरित कोंबड्या घेतल्या नाहीत. गावठीची अंडी कमी आणि लहान. कॅलेंडरावर आता पुष्कळ जागा रिकामी राहते.

एखाद्या घरात काही अघटित घडले म्हणजे कोणी केले असा प्रश्न आधी तोंडात येतो. काय झाले हा प्रश्न त्याच्या मागून, आणि पुष्कळदा येतच नाही, कारण त्याच्या उत्तरासाठी डबा घेऊन चालत जावे लागते, रांगेत उभे राहावे लागते आणि जे दिसेल ते पाहावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नळावर फुकट मिळते. आमचा खर्च झाला तो रिक्षाचे भाडे, थोडा बर्फ आणि एक सकाळ. त्याच्या बदल्यात आमच्या आळीतील एका माणसाला, त्याने न केलेले कृत्य आयुष्यभर वागवावे लागले नाही. आपल्या धर्मग्रामात यापेक्षा मोठी अनेक मरणे, आजार आणि नुकसाने होत असतात आणि त्यांच्याभोवती यापेक्षा मोठे संशय वाढत असतात. त्यांची कारणे शोधण्यास अधिक धैर्य लागेल आणि दरवेळी सापडतीलच असेही नाही. तरी ती सापडेपर्यंत निवाडा थांबवून ठेवणे एवढे आपल्या हाती निश्चित आहे.